देवाची आज्ञा पाळायची, पण सुरुवात कुठून? नव्या विश्वासणाऱ्यांसाठी

जय ख्रिस्त.

बाप्तिस्मा घेऊन चार-सहा महिने झाले की आमच्या मंडळीतली पोरं एकच प्रश्न घेऊन येतात. "काका, देवाला पहिलं स्थान द्यायचं म्हणजे नेमकं करायचं तरी काय?" मी पाळक नाही. जालना जिल्ह्यात पाच एकर कोरडवाहू रान आहे, कापूस आणि तूर घेतो, चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीत दोनदा बसलोय. पण हा प्रश्न मीही अकरा वर्षं चुकीच्या जागी सोडवत होतो. शेवटी उत्तर सापडलं ते कापसाच्या टेम्पोत.

आमच्याकडे काही जण कापूस विकायला न्यायच्या आदल्या रात्री त्यावर पाणी मारतात. सगळेच मारतात असं नाही, पण मारणाऱ्याला कुणी चोरही म्हणत नाही. फवारणीचा पंप घ्यायचा, औषधाचा वास जाईपर्यंत खळखळून धुवायचा आणि एकेक थर पसरत वरून हलका फवारा द्यायचा. जास्त झालं तर हात घालताच कळतं. बेताने मारलं तर काट्यावर तीसेक किलो वाढतात. मी आणि धाकट्या भावाने असा टेम्पो भरला. शनिवारी माल गेला, पैसे हातात आले, मी इमानदारीने दशमांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, बाजूला काढला आणि रविवारी दानाच्या पिशवीत टाकला. म्हणजे पाण्याचाही दशमांश दिला मी!

त्या रविवारी वाचन होतं १ शमुवेल, अध्याय १५. शौल राजाला शत्रू असलेल्या अमालेकी लोकांचं काही म्हणजे काही ठेवू नको असं सांगितलेलं असतं. तो चांगली चांगली मेंढरं-बैलं राखून ठेवतो, आणि वर शमुवेल संदेष्ट्याला सांगतो, मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग ही मेंढरांची बें-बें कुठून ऐकू येतेय? शौलाकडे उत्तर तयार असतं: ती तर देवाला यज्ञ करण्यासाठीच ठेवलीत. त्यावर शमुवेलाने जे सुनावलं ते बाविसाव्या वचनात आहे. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. पुढचा उपदेश मला आठवत नाही. पंपाच्या दांड्याची कचकच तेवढी कानात होती.

आधी हे जमवा

पवित्र शास्त्र, शक्यतो मोठ्या टायपाचं छापील. मोबाईलवरचंही चालतं, पण तिथे दुसऱ्या वचनाला व्हॉट्सॲप वाजतं.

दोनशे पानी वही. उपदेशाची टिपणं काढायला नाही. कुणाचं किती देणं आहे, कुणाला काय शब्द दिलाय, कुणाशी बोलणं बंद आहे, हे लिहायला.

घरातल्या उधारीच्या चिठ्ठ्या, पासबुक, मजुरांच्या हिशोबाचा कागद. हे ऐकून लोक हसतात. हसू द्या, पण काढून ठेवा.

आणि एक माणूस. वयाने मोठा, तुमच्याशी पैशाचा व्यवहार नसलेला, तोंडावर "हे चुकतंय" म्हणणारा. एकाने मला विचारलं, बायको चालेल का? चालेल की. तशीही ती आधीपासून सांगतच असते, आपण ऐकत नसतो.

१. माहीत असलेली आज्ञा आधी पाळा

नवा माणूस मोठ्या प्रश्नाने सुरुवात करतो. बोअर घेऊ की नको, पुण्याला कामाला जाऊ की इथेच राहू, देवाची काय इच्छा आहे? आठ-आठ दिवस उपास धरतात. मी विचारतो, चुलत्याशी बोलणं सुरू झालं का? ते दोन वर्षांपासून बंद असतं, बांधाच्या भांडणावरून.

ही आज्ञा शोधायची गरज नाही, मत्तय ५:२३-२४ मध्ये ती सरळ लिहिलेली आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन उभा असताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. बोअरबद्दल देव काय सांगेल ते मला माहीत नाही. चुलत्याबद्दल काय सांगितलंय ते तुम्हालाही माहीत आहे.

करायचं इतकंच: वहीच्या पहिल्या पानावर अशा तीन गोष्टी लिहा ज्या कराव्या लागणार हे तुम्हाला आत्ताच ठाऊक आहे. तीनच. त्यातली सगळ्यात लहान या आठवड्यात करा. मोठीपासून सुरू करणारे बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात वही माळ्यावर टाकतात.

२. काटा, मजुरी आणि दिलेला शब्द

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या भागात आज्ञापालन खरं अडतं ते इथेच. गाणी सगळ्यांना येतात.

वेचणीचं घ्या. बाया दिवसभर वेचतात आणि संध्याकाळी बांधावर ताणकाट्याला गाठोडं लटकवून किलोवर मजुरी ठरते. गाठोड्याच्या फडक्याचं म्हणून मालक अर्धा किलो कापतो. फडकं भरतं पावशेर. दहा बाया, दीड-दोन महिन्यांचा हंगाम, जरा गुणून पाहा. मी एकदा ते फडकं बायांसमोर मोजलं. कुणी काही बोललं नाही. नुसत्या एकमेकींकडे पाहून हसल्या, आणि मला कळलं की हे त्यांना सुरुवातीपासून माहीत होतं. खोटा तराजू परमेश्वराला किळसवाणा वाटतो, असं नीतिसूत्रे ११:१ मध्ये आहे. आम्ही ते वचन शब्बाथ शाळेत पाठ केलं होतं.

मजुरी कधी द्यायची, हेही लिहून ठेवलेलं आहे. लेवीय १९:१३ सांगतं की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नको. अनुवाद २४:१५ म्हणतं, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला आहे. आपल्याकडे रोजचा हिशोब रोज होत नाही, आठवड्याने होतो, आणि ते मजुरांनाही चालतं. पण निदान बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पैसे हातात पडले पाहिजेत. बाजाराच्या दिवशी दुपारी दिलेली मजुरी म्हणजे त्या घरात उधारीचं तेल. सालगडी ठेवला असेल तर पाडव्याला जे ठरलं ते त्याच दिवशी दोघांच्या समोर लिहा आणि एक कागद त्याच्याकडे द्या. "आपलाच माणूस आहे, लिहायचं कशाला" असं म्हणणारा नेहमी मालकच असतो, गडी नसतो.

जे दुसऱ्या बाजूला आहेत त्यांनाही हे लागू आहे. बीडकडून ऊसतोडीला जाणारी आपली कितीतरी कुटुंबं आहेत. एका कोयत्यावर, म्हणजे तोडणीच्या एका जोडप्यावर, दोन मुकादमांची उचल (आगाऊ पैसे) घ्यायची आणि ऐनवेळी तिसऱ्याच्या गाडीत बसायचं, हे होतं. नाइलाज असतो, पोरीचं लग्न असतं, मला दिसतं. मुकादम काही संत नसतो. तरी "होय तर होय, नाही तर नाही" (मत्तय ५:३७) हे वचन मुकादमाला दिलेल्या शब्दालाही धरून आहे. उचल घेण्याआधी मंडळीत सांगा. दोन-तीन घरांनी मिळून दहा हजार उभे केले तर दुसऱ्या उचलीची वेळ टळते. आमच्याकडे हे दोनदा झालंय.

३. घेतलेलं परत कसं करायचं

पश्चात्ताप केला, संपलं, असं नसतं. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने चौपट परत करतो म्हणून सांगितलं (लूक १९:८). नियमशास्त्रात गणना ५:७ मध्ये मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा असा हिशोब आहे. मी तोच धरला. तीस किलो पाण्याचे त्या वर्षीच्या भावाने दीड हजार, वर तीनशे, असे अठराशे रुपये घेऊन व्यापाऱ्याकडे गेलो.

तो आधी घाबरला, मग हसला. म्हणाला, "अरे, पाणी असणारच हे धरूनच आम्ही भाव काढतो. पैसे घेऊन जा, उद्या गाव मला येडा म्हणेल." मी नोटा गादीवर ठेवल्या आणि निघालो. पुढच्या वर्षी त्याने मला भाव वाढवून दिला का? नाही. ओलाव्याची कट तीच, भाव तोच.

यातून शिकलेल्या चार गोष्टी. एकट्याने आणि रोख घेऊन जा. आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला बसू नका, प्रचाराच्या पत्रिका वाटू नका. समोरच्याला तो उपदेश वाटतो, आणि तो द्यावा अशी तुमची त्या दिवशी लायकी नसते. फक्त स्वतःचा वाटा कबूल करा. पंप मारायला माझा भाऊ होता, पण त्याचं नाव सांगायचा अधिकार मला नव्हता. आणि पैसे एकदम नसतील तर हप्ता ठरवा, वहीत लिहा, पहिला हप्ता त्याच दिवशी द्या.

४. घरचे, भावकी आणि सण

पहिल्या पिढीतल्या विश्वासणाऱ्याचा जीव इथे सगळ्यात जास्त ओढला जातो. सल्ला देणारे मात्र बहुतेक तिसऱ्या-चौथ्या पिढीतले असतात. त्यांनी घरात कधी देव्हारा पाहिलेला नसतो.

आईबापाचा मान ठेवणं ही आज्ञाच आहे, त्यामुळे "मी आता प्रभूचा झालो" म्हणून म्हाताऱ्यांच्या औषधाचे पैसे बंद करणं हे आज्ञापालन नाही. कर्बानच्या गोष्टीत (मार्क ७:९-१३) येशूने यावरच बोट ठेवलंय: देवाला दिलं असं सांगून आईबापाला द्यायचं टाळणारे. दशमांश वाढवून घरी पैसे कमी करणारी पोरं मी पाहिलीत.

सणांचं मला जमलेलं सांगतो, तुमच्या मंडळीत वेगळं असेल. पोळ्याला मी खांदेमळणी करतो, बैलाला धुतो, पुरणपोळी खातो. नीतिमान आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो असं नीतिसूत्रे १२:१० मध्ये आहे, आणि वर्षभर राबलेल्या बैलाचा एवढा हक्क आहेच. पूजा करत नाही, मिरवणुकीत पाया पडत नाही. माझी बहीण लातूरकडे दिली. तिच्याकडे वेळ अमावास्येला सगळं घर रानात जातं, कडब्याची कोप करतात, भज्जी आणि आंबील असते. मी जातो, डोक्यावरून आंबिलीचा हांडा नेतो, जेवतो. पूजेच्या वेळी विहिरीकडे जाऊन उभा राहतो. १ करिंथ १०:२७ सांगतं की विश्वास न धरणाऱ्याने जेवायला बोलावलं तर पुढे वाढलेलं चौकशी न करता खा. पुढचंच वचन म्हणतं की हे अर्पण केलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर खाऊ नको.

लोक चुकतात ते वेळेत. ऐन आरतीला ताट हातात आल्यावर "मी नाही" म्हणायचं, म्हणजे चारचौघांत आईचा अपमान. आठ दिवस आधी, घरात, आई भाकरी करत असताना शेजारी बसून सांगा. ती रडेल. उठून जाऊ नका.

आपल्याकडे बेथेलचं नाव अभिमानाने घेतात. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ ती ख्रिस्ती वस्ती वसवली. त्याआधीचं कमी जण सांगतात. १८४३ साली मुंबईत नारायणरावांचा बाप्तिस्मा झाला, त्यांचा साधारण बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे आला होता. बाप कोर्टात गेला, कोर्टाने पोराला बापाच्या ताब्यात दिलं. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं की नाही यावर मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणणाऱ्यांत होते. आपल्या आज्ञापालनाची किंमत कधी कधी घरातलं लहान लेकरू मोजतं. तेव्हा धाकट्या भावंडांना घाईने ओढू नका. त्यांना त्यांचा वेळ घेऊ द्या.

५. रविवार

थोडक्यात सांगतो. उपासनेची वेळ राखा. टँकर नेमका रविवारी साडेनऊला आला तर पाणी भरा आणि उशिरा या. विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशीही काढतातच की (लूक १४:५). पण दर रविवारी बैल पडत असेल तर विहिरीला कठडा बांधा.

तुम्ही सुटी घ्यायची आणि रानात मजूर लावून चर्चला यायचं, हे मात्र नको. चौथ्या आज्ञेत दास, दासी आणि गाढवसुद्धा विसाव्यात धरलेत. ऊसतोडीवर असाल तर सहा महिने चर्च मिळत नाही. अशा वेळी संध्याकाळी कोपीसमोर चार घरांनी बसून एक अध्याय वाचा. तीही उपासनाच आहे.

६. सोयरीक

चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची पुकार (जाहीर घोषणा) होते, पाळक पवित्र विवाहावर बोलतात, आणि बैठकीत मात्र ठरतं: "आम्हाला काही नको, तुमच्या पोरीला काय द्यायचं ते द्या." हे वाक्य म्हणजे हुंडाच. १९६१ पासून कायद्याने बंदी आहे, तो भाग वेगळा. मुलाकडचे असाल तर बैठकीत स्वतःहून आकडा सांगा: शून्य. आणि कार्यालयाचा खर्च अर्धा-अर्धा वाटून घ्या. माझ्या पोराच्या वेळी मी हे केलं तेव्हा सोयऱ्यांना संशय आला की मुलात काही खोट आहे का. दोन महिने चौकशा चालल्या!

७. पाळकाचं ऐकणं आणि देवाचं ऐकणं

"मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे" हे पेत्राचं वाक्य (प्रेषितांची कृत्ये ५:२९) आपण सरकारविरुद्ध वापरतो. पेत्राने ते धर्मसभेपुढे म्हटलं होतं, म्हणजे त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना.

पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, असंही शास्त्रात आहे (इब्री १३:१७). आणि बिरुया गावच्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्र उघडून तपासलं, म्हणून त्यांचं कौतुकही आहे (कृत्ये १७:११). दोन्ही धरा. खालचं काही कानावर आलं तर मात्र थांबा, आणि वर सांगितलेल्या त्या एका माणसाकडे जा:

- "देवाने मला दर्शनात सांगितलं, तुझा प्लॉट मंडळीच्या नावावर कर."
- "विश्वास असेल तर गोळ्या बंद कर." शुगरच्या, बीपीच्या, टीबीच्या, मनाच्या आजाराच्या, कुठल्याच गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत. प्रार्थना करा आणि गोळी गिळा.
- "नवऱ्याच्या अधीन राहा", मार खाऊन आलेल्या बाईला. तिला आधी दवाखाना आणि माहेर, वचनं नंतर.

८. कागदावरचा धर्म

यावर कुणी उघड बोलत नाही, म्हणून नवे लोक गोंधळतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ख्रिस्ती श्रद्धा पाळायची आणि केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणायचं, हे चालणार नाही.

माझं मत असं: हा कायदा अन्यायाचा आहे. धर्म बदलला म्हणून गावाने आमच्या घराकडे बघायची नजर बदललेली नाही. तरीही प्रतिज्ञापत्रावर खोटं लिहायचा सल्ला मी कुणाला देत नाही. बाप्तिस्म्याआधीच वकिलाला भेटा, मुलांच्या शिक्षणाचं गणित मांडा, नवरा-बायको दोघांनी मिळून ठरवा. आणि ज्या घराने वेगळं ठरवलं त्याच्याकडे बोट दाखवू नका. त्या घरातली पोरगी नर्सिंगला असते आणि तिची फी तुम्ही भरत नसता.

पाऊस आणि आज्ञा

कुणीतरी तुम्हाला सांगेल की आज्ञा पाळली की रान पिकतं. देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो (मत्तय ५:४५), आणि दुष्काळही सगळ्यांनी मिळूनच सोसायचा असतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा दशमांश देणाऱ्याचीही घागर रांगेत होती. कापसाच्या दरासाठी, पावसासाठी, पोराच्या नोकरीसाठी म्हणून आज्ञा पाळायला गेलात तर पहिल्याच कोरड्या जुलैत सोडून द्याल.

चुकलात तर

चुकणारच. वहीत तारीख टाका, ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जा, आणि पुढची ओळ सुरू करा. आठ दिवस चर्चला न येता तोंड लपवणं हा स्वतःलाच दिलेला दंड आहे, तो कुणी मागितलेला नाही.

माझा भाऊ अजून पंप धुतो. मी दोनदा बोललो, आता बोलत नाही. तो अजून दर रविवारी माझ्याच बाकावर बसतो. पूर्वी आमचा कापूस एकाच टेम्पोत जायचा. आता माझा वेगळा जातो, भाड्याचे सातशे रुपये जास्त पडतात. ते वहीत खर्चाच्या बाजूला लिहिलेत.